‘प्लॅटिनम’ गाणं म्हणजे दहा लाख गिऱ्हाईकं?

रॅपर आणि पॉप गायिकेचं एकत्र गाणं गाजलं की एक मजकूर हमखास फिरतो: ‘अमेरिकेत प्लॅटिनम झालं, म्हणजे दहा लाख लोकांनी ते विकत घेतलं.’

प्लॅटिनम हा गाण्याच्या खपावरून मिळणारा दर्जा, आणि त्यासाठीचा दहा लाखांचा आकडा बरोबर आहे. पण ती माणसं नव्हेत, युनिट्स आहेत. कॅसेट-सीडीच्या काळात एक प्रत म्हणजे एक युनिट असायचं, त्यामुळे असा समज होणं स्वाभाविकच. २०१३ पासून मात्र तिथे सिंगलच्या, म्हणजे सुट्या गाण्याच्या, हिशेबात स्ट्रीमिंगही धरतात, आणि २०१६ पासून १५० स्ट्रीम्सना एक युनिट मिळतं. म्हणजे एकही प्रत न विकता, १५ कोटी स्ट्रीम्सवर गाणं प्लॅटिनम होऊ शकतं. रोज दहा वेळा ऐकणारा चाहता पंधरा दिवसांत एकटाच एक युनिट भरतो!

दोघांच्या गाण्यात आणखी एक गोम असते. तेच प्लॅटिनम दोन्हीकडचे चाहते आपापल्या यादीत लिहितात. याद्यांची बेरीज केली की एकच गाणं दोनदा मोजलं जातं.

शिवाय हा दर्जा आपोआप मिळत नाही. गाणं काढणाऱ्या कंपनीला अर्ज करावा लागतो, मग आकडे तपासले जातात. त्यामुळे दर्जा नसलेलं गाणं कमीच चाललं, असंही म्हणता येत नाही.

पडताळायचं असेल तर हा दर्जा देणाऱ्या अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेची (RIAA) अधिकृत यादी इंटरनेटवर खुली आहे. गाण्याचं नाव टाका. दर्जा आणि तारीख दिसते. दावा कोणत्या देशातल्या प्लॅटिनमचा आहे, तेही बघा, कारण ब्रिटनमध्ये सिंगलला प्लॅटिनमसाठी सहा लाख युनिट्स पुरतात.