बीफच्या खिम्यातली स्वस्त भर: अमेरिकेतल्या ‘पिंक स्लाइम’ वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत ‘ग्राउंड बीफ’, म्हणजे गोमांसाचा खिमा, कशाला म्हणायचं हे सरकारी नियमात लिहिलेलं आहे. चरबी ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पाणी, फॉस्फेट, सोया किंवा पिठासारखी भर घालायची नाही. भर घालायचीच असेल तर तो माल ‘बीफ पॅटी’ अशा वेगळ्या नावाने विकायचा आणि घटक लेबलवर छापायचे. एवढा स्पष्ट नियम असूनही २०१२ मध्ये तिथले ग्राहक खवळले. कारण होतं एक स्वस्त मिश्रण, जे कायद्याच्या लेखी भर नव्हतंच. ते बीफच मानलं गेलं होतं.

मांसात काय मिसळलं जातं ही धास्ती अमेरिकेत जुनी आहे. शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आल्यानंतर १९०६ मध्ये मांस तपासणीचा कायदा झाला. पुढे १९७१ मध्ये कृषी खात्याने शाळेच्या जेवणातल्या मांसात ३० टक्क्यांपर्यंत सोया मिसळायला परवानगी दिली. १९७३ मध्ये मांसाचे भाव इतके चढले की निक्सन सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी मांस खरेदीवर देशव्यापी बहिष्कार टाकला. त्याच सुमारास दुकानांत सोया मिसळलेला स्वस्त खिमा आला. तो मिश्रण म्हणूनच विकला जात होता. कमी पैशांत काय मिळतंय हे घेणाऱ्याला कळत होतं. माझ्या मते पुढच्या वादाचं मर्म इथेच आहे. स्वस्त माल विकण्यात गैर काही नाही, फक्त तो काय आहे हे सांगून विकायला हवा.

आता त्या मिश्रणाकडे वळू. जनावराचे मोठे तुकडे कापून झाल्यावर चरबीचे छाटलेले तुकडे उरतात, त्यांना थोडंथोडं मांस चिकटलेलं असतं. हाताने ते सोडवणं परवडत नाही, म्हणून हा माल पूर्वी पाळीव प्राण्यांच्या खाद्यात किंवा चरबी वितळवण्यासाठी जात असे. १९८१ मध्ये एल्डन रॉथ यांनी सुरू केलेल्या ‘बीफ प्रॉडक्ट्स इन्कॉर्पोरेटेड’ या कंपनीने त्यातून मांस वेगळं काढण्याची यांत्रिक पद्धत विकसित केली. तुकडे सुमारे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात चरबी वेगळी करायची आणि उरलेलं बारीक मांस गोठवून ठोकळे करायचे. उद्योगाने त्याला ‘लीन फाइनली टेक्स्चर्ड बीफ’ असं नाव दिलं. साध्या खिम्यात ते साधारण १५ टक्क्यांपर्यंत मिसळलं जाई. त्यामुळे चरबीचं प्रमाण खाली येई आणि किंमतही.

हे छाटण जनावराच्या बाहेरच्या भागातून जास्त येतं आणि कातडी काढताना शेणातले जंतू लागण्याचा धोका तिथेच अधिक असतो. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या फास्ट फूड साखळीच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पसरला. ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुलं दगावली. पुढच्याच वर्षी कृषी खात्याने खिम्यातला हा जंतू कायद्याने भेसळ ठरवला. अख्ख्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागावरच राहतात आणि भाजल्यावर मरतात; खिम्यात ते आतपर्यंत पोचतात. त्या चार मुलांच्या मृत्यूनंतर प्रत्येक मांस कंपनी जंतू मारण्याचा उपाय शोधू लागली होती. रॉथ यांचा उपाय होता अमोनिया वायू. तो मांसातल्या ओलाव्याशी मिसळतो, सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि जंतू मरतात. २००१ मध्ये सरकारने त्याला मान्यता दिली. अमोनियाला ‘प्रक्रियेतलं साहाय्यक द्रव्य’ ठरवल्याने तो लेबलवर छापायची गरज उरली नाही. मिश्रण स्वतः बीफ ठरलेलं असल्याने त्याचाही वेगळा उल्लेख नव्हता.

खात्यात सगळ्यांना हे पटलं नव्हतं. गेराल्ड झर्नस्टीन या तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये याला ‘पिंक स्लाइम’, म्हणजे गुलाबी चिकट लगदा, म्हटलं. हा माल ग्राउंड बीफ नाही आणि तो त्यात चालवून घेणं म्हणजे लेबलमधली फसवणूक आहे, असं त्याचं मत होतं. ते मत सात वर्षं फायलींतच राहिलं.

डिसेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मायकेल मॉस यांनी ते उजेडात आणलं. अमोनियावर विसंबून खात्याने २००७ मध्ये या कंपनीच्या मालाला नेहमीच्या जंतुतपासणीतून सूट दिली होती. शालेय भोजन कार्यक्रमाच्या स्वतंत्र तपासण्यांत मात्र २००५ पासून त्यात ई. कोलाय ३ वेळा आणि साल्मोनेला ४८ वेळा सापडला होता. तरीही शाळांसाठी तो घेतला जात होता, कारण खिम्यामागे पौंडाला ३ सेंट वाचत होते. कोणत्याही साथीचा संबंध या कंपनीच्या मालाशी जोडला गेलेला नव्हता, हेही त्याच वृत्तात होतं. न्यायाने पाहायचं तर ही बाजू विसरता येत नाही.

वादाचा भडका उडायला आणखी दोन वर्षं लागली. एप्रिल २०११ मध्ये ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांनी दूरचित्रवाणीवर कपडे धुण्याच्या यंत्रात मांसाचे तुकडे टाकून अमोनिया ओतून दाखवला. ते प्रात्यक्षिक भडक होतं आणि खऱ्या प्रक्रियेशी त्याचा फारसा मेळ नव्हता. पण लोकांच्या मनात तेच चित्र बसलं. २०१२ च्या सुरुवातीपर्यंत मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि टॅको बेल यांनी हा माल थांबवला. मार्चमध्ये सरकार शाळांसाठी हा माल ७० लाख पौंड वजनाचा घेणार असल्याची बातमी आली आणि ह्यूस्टनच्या एका आईने सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जावर काही दिवसांत दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. एबीसी न्यूज या दूरचित्रवाणी वृत्तसेवेने सांगितलं की सुपरमार्केटमधल्या ७० टक्के खिम्यात हा पदार्थ असतो.

लोकांचा संताप समजण्यासारखा होता. महाराष्ट्रात खाटकाकडे खिमा घेताना गिऱ्हाईक तुकडा निवडतं आणि तो डोळ्यांसमोर बारीक होतो. अमेरिकी सुपरमार्केटच्या ट्रेमध्ये कित्येक जनावरांचं मांस एकत्र आलेलं असतं. तिथे लेबलाखेरीज गिऱ्हाइकाच्या हाती काही नसतं, आणि त्या लेबलाने गप्प राहायचं ठरवलं होतं.

परिणाम झपाट्याने झाला. कृषी खात्याने शाळांना निवडीची मुभा दिली, क्रोगर आणि सेफवेसारख्या साखळ्यांनी माल बंद केला. अमॅरिलो, गार्डन सिटी आणि वॉटरलू इथले कंपनीचे चारपैकी तीन कारखाने बंद पडले, सुमारे ६५० कामगारांची नोकरी गेली. लेबल लपवण्याचा निर्णय या माणसांनी घेतलेला नव्हता, आणि किंमत मात्र आधी त्यांनी मोजली. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने एबीसीवर १.२ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. दावा जिथे दाखल झाला त्या साउथ डकोटा राज्यात शेतमालाची बदनामी करणाऱ्याकडून तिप्पट भरपाई मागण्याचा कायदा आहे. कंपनीने पुढे नुकसानीचा आकडा १.९ अब्जांपर्यंत नेला, त्यामुळे रक्कम ५.७ अब्जांपर्यंत जाऊ शकत होती. जून २०१७ मध्ये सुनावणी सुरू असतानाच तडजोड झाली. एबीसीची मालक डिस्नी हिच्या हिशेबात या खटल्यापोटी १७.७ कोटी डॉलर दिसले; विम्याचा वाटा त्याहून वेगळा होता. आपलं वृत्तांकन अचूक होतं, या म्हणण्यावर एबीसी ठाम राहिली.

लेबलच्या मूळ प्रश्नावर यातून फारसं काही निघालं नाही. सायट्रिक ॲसिड वापरून असाच पदार्थ बनवणाऱ्या कारगिल या दुसऱ्या मांस कंपनीने २०१३ मध्ये आपणहून पाकिटावर उल्लेख करण्याचं जाहीर केलं. सक्ती कुणावरच झाली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तर बीफ प्रॉडक्ट्सने नवी प्रक्रिया सादर केल्यावर कृषी खात्याने तिचा माल थेट ‘ग्राउंड बीफ’ या नावानेच विकायला परवानगी दिली.