अति-उच्च ऊर्जेचे विश्वकिरण

पृथ्वीबाहेरून वातावरणावर आदळणारे, प्रत्येकी १ एक्सा (१ वर १८ शून्ये) इलेक्ट्रॉन-व्होल्टहून (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक; पुढे नुसते ‘एक्सा’) अधिक ऊर्जेचे कण. हे प्रोटॉन किंवा त्याहून जड अणुकेंद्रे असतात. १०० एक्साच्या घरातला पहिला कण जॉन लिन्सली यांनी १९६२ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्होल्कॅनो रँच येथे टिपला. पुढे १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतील युटामधल्या ‘फ्लाइज आय’ या शोधक यंत्रणेने नोंदवलेला कण तर सुमारे ३२० एक्साचा, म्हणजे ५१ जूलचा निघाला. पाच किलोचे वजन मीटरभर उचलायला लागते तेवढी ऊर्जा एका अणुकेंद्रात!

१०० एक्सावरचे कण चौरस किलोमीटरमागे शतकात जेमतेम एखादा येतो. एवढ्या दुर्मिळ पाहुण्यासाठी उपग्रहावरचे उपकरण तोकडे पडते, म्हणून वातावरणालाच शोधक करतात. हवेतल्या अणुकेंद्रावर कण आदळला की दुय्यम कण निघतात, त्यांतून आणखी, आणि जमिनीवर काही किलोमीटर पसरलेला अब्जावधी कणांचा वर्षाव होतो. अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळेने तो पकडण्यासाठी सुमारे ३,००० चौ. किमी माळरानावर दीड-दीड किलोमीटरवर पाण्याच्या १,६०० हून अधिक बंदिस्त टाक्या मांडल्या आहेत. पाण्यातल्या प्रकाशाहून अधिक वेगाने कण गेला की ‘चेरेनकॉव्ह’ हा निळसर प्रकाश चमकतो. कोणती टाकी किती आधी चमकली, यावरून कणाची दिशा काढतात. अंधाऱ्या, निरभ्र रात्री दुर्बिणी वर्षावामुळे हवेतल्या नायट्रोजनमधून निघणारा मंद प्रकाशही टिपतात.

दिशा कळली तरी उगम कळत नाही, ही खरी अडचण. विद्युत्‌भारित कणाची वाट चुंबकीय क्षेत्रांत वळते. अणुकेंद्र जड असेल तर अधिकच, आणि ओझे वेधशाळेच्या नोंदींनुसार ऊर्जेबरोबर जड अणुकेंद्रांचे प्रमाण वाढते. तरी २०१७ मध्ये तिने ८ एक्सावरचे कण आकाशाच्या एका बाजूने किंचित जास्त येतात, असे दाखवले. ती बाजू आकाशगंगेच्या केंद्राकडची नाही. तेव्हा हे कण बाहेरच्या दीर्घिकांमधले, हा निष्कर्ष भक्कम आहे. मात्र फार दूरचेही नसावेत. ग्रायसेन, झात्सेपिन व कुझमिन यांनी १९६६ मध्ये दाखवल्याप्रमाणे सुमारे ५० एक्सावरचे प्रोटॉन महास्फोटापासून विश्वभर उरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाशी टकरून ऊर्जा गमावतात, म्हणून फार दूरून तेवढ्या ऊर्जेने पोहोचत नाहीत.

त्वरणासाठी स्रोत प्रचंड विस्ताराचा किंवा प्रखर चुंबकीय क्षेत्राचा हवा. त्यामुळे सक्रिय दीर्घिकांचे (ज्यांच्या केंद्रातले कृष्णविवर द्रव्य गिळते) झोत, वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिका आणि गॅमा-किरण स्फोट यांच्यावर संशय आहे. २७ मे २०२१ रोजी युटातील ‘टेलिस्कोप अॅरे’ या शोधकांच्या जाळ्याला सापडलेल्या सुमारे २४० एक्साच्या ‘अमातेरासू’ कणाने मात्र पंचाईत केली. त्याच्या दिशेला आहे स्थानिक पोकळी, जिथे दीर्घिका जवळपास नाहीतच. तो लोहासारखे जड अणुकेंद्र असेल, तर वाटेत बराच वळून दुसरीकडूनच आला असणे शक्य आहे.