रुपया कधी गिळायचा?

भुसावळ जंक्शनच्या बाहेरची पानटपरी, जळगावात दवाखान्यासमोरचे चहाचे दुकान, सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्या भरत तिथले किराणा दुकान. अशा ठिकाणी पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत नाणे टाकून बोलायच्या फोनचा लाल किंवा पिवळा डबा भिंतीला टांगलेला असे. लोक त्याला कॉइन बॉक्स म्हणत, कोणी नुसते ‘एक रुपयावाला’. दूरसंचार खात्याच्या कागदांवर त्याचे नाव सीसीबी, म्हणजे कॉइन कलेक्शन बॉक्स, होते.

एसटीडी बूथमध्ये काउंटरमागे कोणीतरी बसलेले असे. मीटरवर आकडे चढत, चिठ्ठी निघे, पैसे हातात घेतले जात. कॉइन बॉक्सला असा माणूस नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाला साखर मोजून देई आणि डबा आपला व्यवहार आपणच उरके. या व्यवहारात तीन पक्ष होते: बोलणारा, दुकानदार आणि टेलिफोन एक्सचेंज. तिघांचा हिशेब जुळवायला डब्याकडे तांब्याच्या दोन तारा आणि एक नाणे, एवढेच असायचे. त्यावरून प्रत्येक कॉलला त्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागत. टाकलेला रुपया खरा आहे का? आणि पलीकडे फोन उचलला गेला का? पहिला प्रश्न कोणालाही सुचतो. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. पलीकडे कोणी बोललेच नाही आणि रुपया मात्र गेला, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. बोलणे झाले आणि रुपया पडलाच नाही, तर बिल दुकानदाराच्या माथी.

नाणे टाकून बोलण्याची कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रे या अमेरिकन माणसाने १८८९ मध्ये हार्टफर्ड शहरात असा फोन बसवला. त्या काळच्या यंत्रांत नाणे पडताना घंटी वाजे, वेगवेगळ्या नाण्यांचा नाद वेगळा असे आणि ऑपरेटर बाई कानाने पैसे मोजे. पलीकडे फोन उचलला की नाही, हेही तीच बघे. स्वयंचलित एक्सचेंज आल्यावर मधला माणूस गेला. मग ही बातमी डब्यापर्यंत पोचवायची कोणी? त्याच दोन तारांनी.

रिसीव्हर जागेवर असतो तेव्हा लँडलाइनच्या दोन तारांत सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. ही वीज एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून येते. त्या बॅटऱ्यांचे धन टोक जमिनीला जोडतात आणि लाइन ऋण ठेवतात. त्यालाही कारण आहे: ओल्या जमिनीत केबलमधून थोडी गळती झाली, तर धन बाजूचा धातू झिजतो. लाइन ऋण असली की तांबे टिकते. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि फोनवरचा दाब आठ-दहा व्होल्टवर उतरतो. त्या प्रवाहावरून एक्सचेंजला कळते की कोणाला तरी बोलायचे आहे. मग डायल टोन येतो.

आता नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजली आणि कोणीतरी ‘हॅलो’ म्हणाले. आपल्याला ते लगेच कळते. डब्याला मात्र डायल टोन, घंटी, ‘सर्व लाइन व्यस्त आहेत’ ही सूचना आणि खरे ‘हॅलो’ हे सगळे सारखेच, तारेतल्या प्रवाहाचे चढउतार. आवाज ऐकून तो ठरवायला गेला तर चुकणार. म्हणून एक्सचेंज त्याला एक उघड खूण देते: पलीकडे रिसीव्हर उचलला जाताच ते दोन तारांची दिशा उलटवते. ऋण होती ती तार धन होते, धन होती ती ऋण. बोलण्यावर याचा परिणाम होत नाही, कारण फोनच्या तोंडाशीच चार डायोडचा पूल असतो. प्रवाह कोणत्याही बाजूने आला तरी पुलाच्या आत तो एकाच दिशेने जातो. कानाला फार तर बारीक ‘टक्’ ऐकू येते. डब्यातले सर्किट मात्र पुलाच्या बाहेर तारांवर नजर ठेवून असते. दिशा उलटली, म्हणजे फोन उचलला गेला. घ्या रुपया.

लाइनमन मंडळी याला ‘रिव्हर्सल’ म्हणत. घरगुती लाइनला ही सोय सहसा नसे. एक्सचेंजमध्ये त्या नंबरपुरती ती चालू करून घ्यावी लागे. लॉजमध्ये किंवा मोठ्या खासगी दवाखान्यात आधीच इंटरकॉमचे छोटे एक्सचेंज असे. त्याच्या एखाद्या एक्स्टेंशनवर कॉइन बॉक्स टांगला की तो गोंधळे, कारण मधले यंत्र बाहेरून आलेले रिव्हर्सल आत जाऊच देत नसे. डब्याच्या लेखी फोन कधी उचललाच गेला नाही. त्यासाठी थेट, वेगळी लाइन घेणे हाच खरा उपाय होता.

रुपया घेण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एका तऱ्हेत नाणे आधी टाकायचे. ते वाटेत अडवलेले राही. रिव्हर्सल आले की पेटीत पडे, नाही आले तर खालच्या खाचेतून परत येई. दुसरी तऱ्हा आपल्याकडे फार दिसे. आधी नंबर लावायचा, पलीकडचा ‘हॅलो’ ऐकायचा, मग डबा ‘पीं पीं’ करू लागला की रुपया टाकायचा. तोवर आपला माइक बंद असे. आपल्याला पलीकडचे ऐकू येई, पलीकडच्याला आपले नाही. या तऱ्हेत नाणे परत करण्याची यंत्रणाच लागत नाही. त्यामुळे असा डबा स्वस्त पडे आणि कमी बिघडे.

खान्देशातल्या पोरांनी याचा उपयोग लगेच शोधला. अमळनेरला कॉलेजात पोचलेला मुलगा गावातल्या ओळखीच्या घरी फोन लावी, ‘हॅलो’ ऐकून रिसीव्हर ठेवून देई. रुपया खिशातच. घरच्यांना निरोप मिळे की पोरगा सुखरूप पोचला. पण एक्सचेंजने पलीकडचा फोन उचललेला पाहिला होता आणि मीटरवर एक युनिट, म्हणजे आकारणीचा एक टप्पा, चढवले होते. तो निरोप दुकानदाराच्या पैशाने जात असे. पेटीतले रुपये आणि बिलातली युनिटे जुळत नाहीत अशी कुरकूर दुकानदार करत, त्यामागे अशी न बोललेली बोलणीही असत.

डब्याला वीज कुठून मिळे, हे खान्देशात विशेष महत्त्वाचे. भारनियमनाच्या दिवसांत तालुक्याच्या गावी तासन् तास वीज नसे, तरी बरेचसे डबे चालू राहत. ते दुकानाच्या विजेवर चालतच नसत. एक्सचेंजच्या बॅटऱ्यांतून तारेने येणाऱ्या विजेवर त्यांचे भागे. ती वीज किती? आठ व्होल्ट गुणिले ३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव वॅटच्या आत. एवढ्यात आवाज, कीपॅड, नाणे ओळखणारे सर्किट आणि नाणे पाडणारे विद्युतचुंबक हे सगळे चालवायचे. चुंबकाला क्षणभरच, पण एकदम जोर लागतो. म्हणून बोलणे चालू असताना कपॅसिटरमध्ये थोडी थोडी ऊर्जा साठवतात आणि वेळ आली की एका दणक्यात सोडतात. समजा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठ व्होल्टपर्यंत भरला, तर त्यात ०.१५ ज्यूल साठते. एका रुपयाचे नाणे तीन मीटर उंच उचलायला लागते साधारण तेवढीच. एक खिटी सरकवायला ती पुरते, फार उरत मात्र नाही.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, ते इथे नडे. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटेशी तुलना केली, तर मेच्या दुपारी त्याच चुंबकाच्या वेटोळ्याचा रोध जवळपास १४ टक्क्यांनी जास्त असतो, म्हणजे प्रवाह कमी आणि ओढ कमी. पत्र्याचा डबा उन्हात असेल तर आतले तापमान बाहेरच्याहूनही चढते. मग नाणे अडकते, आणि लोक डब्याला थापा मारतात. डबा पश्चिमेच्या भिंतीला लावू नये, असे मी म्हणेन ते एवढ्यासाठीच. पिठाच्या गिरणीशेजारीही नको. मोटर सुरू-बंद होताना उडणाऱ्या ठिणग्यांनी नाणे ओळखणारे सर्किट बिथरते, आणि पिठाची धूळ नाण्याच्या वाटेत बसते ती वेगळीच.

नाणे ओळखायला डबा छाप वाचत नाही. तो धातू आणि आकार बघतो. नाणे तारेच्या वेटोळ्याजवळून घरंगळते. त्या वेटोळ्यात वेगाने दिशा बदलणारा प्रवाह असतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्यात भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात. धातू जेवढा चांगला वाहक तेवढे ते जोरदार. धातू स्वतः चुंबकाला चिकटणारा असेल तर त्याचा परिणाम आणखी निराळा. दोन्हींमुळे सर्किटच्या स्पंदनाचा वेग बदलतो, आणि तो बदल साठवून ठेवलेल्या मर्यादेत बसला तरच नाणे खरे.

परदेशी यंत्रांत लोखंडी खोटी नाणी पकडायला साधा कायमचा चुंबक ठेवत. चिकटले की खोटे. आपल्या रुपयाला ही युक्ती लागू पडत नव्हती, कारण १९९२ पासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. २५ मिलिमीटर व्यासाचा, ४.८५ ग्रॅमचा तो रुपया स्वतःच चुंबकाला चिकटतो. गॅरेजमधला लोखंडी वायसर चिकटतो, खरा रुपयाही चिकटतो. मग फरक कसा करायचा? क्रोमियममुळे या स्टीलचा विद्युतरोध साध्या लोखंडाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे त्यातले भोवरा-प्रवाह क्षीण राहतात. लोखंडात ते जोरात उठतात. वायसरला मध्ये भोकही असते, त्याची खूण वेगळीच उमटते. नाण्याला दोरा बांधून ते पुन्हा वर ओढायचे, हा उद्योग जगभर झाला आहे. त्यावर उपाय म्हणजे वाटेत दोन संवेदक आणि एकाच बाजूने उघडणारी झडप. वरचा संवेदक आधी, खालचा नंतर, या क्रमानेच नाणे गेले पाहिजे.

दुकानदाराने डबा घ्यायचा ठरवला की पहिले काम एक्सचेंजमध्ये: रिव्हर्सल चालू करणे आणि शून्याने सुरू होणारे नंबर बंद करणे. नाही तर रुपयात कोणी मुंबईशी बोलत बसेल. डबा स्वतःही पहिले आकडे तपासत असे. नंबर ९ ने सुरू झाला तर मोबाइल, म्हणजे रुपयाला कमी वेळ. हे दर कीपॅडवरूनच, गुप्त आकडा दाबून भरता येत. कुलपे दोन असत, एक आतल्या सर्किटचे आणि एक पैशाच्या पेटीचे. पेटी रिकामी करणाऱ्या पोऱ्याला दर बदलता येऊ नयेत, म्हणून.

सगळ्यांत नाजूक गोष्ट वेळेची. समजा एक्सचेंजचे युनिट १८० सेकंदांचे आहे. डब्यातही बरोबर १८० भरले, तर घोटाळा होतो. डब्याचे घड्याळ रिव्हर्सल ओळखल्यावर सुरू होते, थोडे उशिराच, आणि लाइन तोडायलाही क्षणभर लागतो. तेवढ्यात एक्सचेंज दुसरे युनिट चढवते. रुपया एक, युनिटे दोन. म्हणून डब्यात पाचेक सेकंद कमी भरायचे आणि त्याआधी सूचनेची ‘पीं पीं’ द्यायची. एक्सचेंज युनिटमागे रुपयापेक्षा कमी आकारे, आणि मधला फरक दुकानदाराचा. पाच सेकंदांच्या या दुरुस्तीवर तो फरक टिकायचा की बुडायचा, हे ठरत असे. याहून पक्का मार्गही होता. एक्सचेंज दर युनिटला १६ किलोहर्ट्झचा झटका लाइनवर सोडू शकते. तो फोनवर बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, पण मीटर मोजतो. एसटीडी बूथच्या मीटरसाठी तो वापरला जाई.

डब्याचे दिवस दोन बाजूंनी संपत आले. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि रुपया घेऊन भिंतीशी उभे राहण्याची गरज हळूहळू सरली. दुसरी बाजू खुद्द नाण्यांची. २०११ मध्ये नवी नाणी आली. नवा रुपया सुमारे २२ मिलिमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे मापाने जुन्या स्टीलच्या पन्नास पैशांएवढा. नवे दोन रुपये २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे, म्हणजे जुन्या रुपयाएवढे. जुन्या मर्यादा भरलेल्या डब्याला नवा रुपया खोटा वाटणार आणि दोन रुपयांचे नाणे एकच रुपया. नाणी पाडताना फोनच्या डब्यांचा विचार कोण करणार, पण डबा चालवणाऱ्याला हा फटका खराच होता.

भंगार बाजारात असा डबा अजून कधीतरी सापडतो. फायबरच्या जोडणीवरही तो चालवता येतो. त्यासाठी इंटरनेटवरून फोन चालवणारा अॅडॅप्टर असा घ्यावा की ज्याच्या सेटिंगमध्ये ध्रुवता उलटवण्याची, म्हणजे रिव्हर्सलची, सोय आहे. ती चालू करा, दोन तारांवर मल्टिमीटर लावा आणि आपल्याच मोबाइलला कॉल करा. मोबाइल उचलताच मीटरवरचे चिन्ह उणेचे अधिक झाले किंवा अधिकाचे उणे, तर अॅडॅप्टर ठीक आहे. तरीही डबा रुपया मागत नसेल, तर दोष डब्यात शोधायचा: आधी कपॅसिटर, मग नाण्याच्या वाटेतली धूळ. तपासणीला रुपया २०११ च्या आधीचाच घ्या.