स्पॅमअसॅसिन : नियमांचे सुरक्षित अद्ययावतीकरण

मेल सर्व्हरवर येणाऱ्या नकोशा टपालाची छाननी करणाऱ्या स्पॅमअसॅसिन या मुक्तस्रोत प्रणालीचा नियमसंच, चालू सेवा न थांबवता आणि खरे टपाल न अडवता, बदलण्याची पद्धत. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये खुली केलेली आणि पुढे अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आलेली ही पर्ल भाषेतील प्रणाली प्रत्येक मेलला लागू पडणाऱ्या नियमांचे अधिक-उणे गुण मोजते. मूळ मांडणीनुसार बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की तो मेल स्पॅम ठरतो. एका नियमाची चूकही हजारो मेलचा निकाल फिरवू शकते, त्यामुळे नियमसंच बदलणे हे किरकोळ देखभालीचे काम मानणे योग्य नाही.

याचा कडू अनुभव १ जानेवारी २०१० रोजी आला. स्पॅमअसॅसिनच्या ३.२ या आवृत्तीमालिकेत ‘एफएच_डेट_पास्ट_२०एक्सएक्स’ हा नियम होता. फार पुढची तारीख घातलेले मेल पकडण्यासाठी तो लिहिलेला होता; पण ‘२०’ या आकड्यांनंतर १ ते ९ पैकी कोणताही अंक आला की वर्ष भविष्यातले, असे त्यात गृहीत धरले होते. नवे वर्ष उजाडताच त्या दिवशीची खरी तारीख असलेला जवळजवळ प्रत्येक मेल या नियमात सापडू लागला आणि त्याच्या खात्यावर ३.६ पर्यंत गुण चढू लागले. एरवी दीड-दोन गुणांवर सुटणारी साधी कार्यालयीन पत्रे त्यामुळे स्पॅममध्ये गेली. दुरुस्त नियम लगेच उपलब्ध झाला. ज्यांना तो घेता येत नव्हता, त्यांनी ‘लोकल.सीएफ’ या स्थानिक फाइलमध्ये त्या नियमाचे गुण शून्य केले.

नियम आणण्याचे काम ‘एसए-अपडेट’ ही आज्ञा करते. नवा संच आला आहे का, हे ती डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीला, विचारते; ३.४.६ आवृत्तीचा सर्व्हर स्वतःचा आवृत्तीक्रमांक उलटा, म्हणजे ‘६.४.३’ असा लावून नोंद शोधतो आणि उत्तरात संचाचा क्रमांक मिळतो. त्यानंतर संच उतरवून त्याचा चेकसम (फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे दाखवणारा आकडा) आणि जीपीजी सही (संच खऱ्या स्रोताकडूनच आल्याची अंकीय सही) पडताळली जाते, नियमांच्या लेखनाचे व्याकरण तपासले जाते आणि त्यात दोष निघाला तर जुना संच तसाच राहतो. सहीची पडताळणी बंद करण्याचा पर्याय आहे. अडचण आली म्हणून तो वापरणे म्हणजे सर्व्हर परक्याच्या हाती देणे होय. नवा संच बसला तर आज्ञा ०, नवे काही नसेल तर १ आणि गंभीर चूक झाली तर ४ किंवा अधिक असा संकेत परत करते. त्यामुळे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ०च्या संकेतावरच छाननीची सेवा पुन्हा सुरू होईल अशी जोडणी करावी. ही पायरी विसरल्यास नवे नियम डिस्कवर असतात आणि छाननी जुन्यांनीच चालते. मेल सर्व्हर आणि छाननी यांना जोडणाऱ्या अमाविस या प्रणालीमार्फत स्पॅमअसॅसिन चालत असेल, तर अमाविसही पुन्हा सुरू करावे लागते.

तरीही सही सांगते ती संच कोणाकडून आला एवढेच, आणि व्याकरणाची तपासणी सांगते तो वाचता येतो एवढेच. २०१० चा नियम व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. म्हणून आपल्याच सर्व्हरवरचे, आधी बरोबर वर्ग केलेले काही खरे आणि काही स्पॅम मेल बाजूला ठेवून नवा संच प्रथम चाचणी सर्व्हरवर त्यांच्यावर चालवून पाहणे, ही सर्वांत मोलाची पायरी आहे. मराठी पत्रव्यवहार असलेल्या संस्थेने या नमुन्यात देवनागरी विषयओळ असलेले मेल अवश्य ठेवावेत. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या शीर्षओळीत एकूण गुण आणि लागू पडलेल्या नियमांची नावे दिसतात. जुन्या व नव्या संचाखालील या ओळी शेजारी ठेवल्या की कोणत्या नियमाने निकाल पालटला ते लगेच कळते.

स्वतःचे नियम ‘लोकल.सीएफ’मध्येच लिहावेत, कारण उतरवलेल्या संचाच्या फाइलींत केलेला बदल पुढच्या अद्ययावतीकरणात पुसला जातो. उतरवलेले संच सहसा ‘/व्हार/लिब/स्पॅमअसॅसिन’ या निर्देशिकेत, आवृत्तीनुसार वेगळे असतात. बदलापूर्वी तिची प्रत घेतलेली असेल, तर तक्रार येताच ती परत ठेवून, तपासणी करून सेवा पुन्हा सुरू करणे काही मिनिटांत होते. मात्र तोवर स्पॅममध्ये गेलेले मेल आपोआप परतत नाहीत, ते हाताने शोधून संबंधितांना पोहोचवावे लागतात.