एर्झे

एर्झे : (२२ मे १९०७ – ३ मार्च १९८३). बेल्जियन चित्रकथाकार व ‘टिनटिन’ या चित्रकथामालेचे जनक. मूळ नाव झॉर्झ प्रोस्पेर रेमी. जन्म ब्रसेल्समधील एटरबेक येथे. नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने फ्रेंचमध्ये उच्चारली की ‘एर-झे’ असे होते. १९२४ पासून त्यांनी हीच सही कायम ठेवली. रीतसर कलाशिक्षण जवळजवळ नाहीच. एका कलाशाळेत ते गेले, पण पहिल्याच वेळी प्लास्टरच्या स्तंभशीर्षाचे रेखाटन करायला बसवल्यावर पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, असे ते सांगत. बालवीर पथकाच्या मासिकात १९२६ पासून आलेली ‘तोतोर’ ही त्यांची पहिली मालिका. तीत मजकूर चित्राखाली छापलेला असे.

‘ल व्हँतिएम सिएकल’ या ब्रसेल्सच्या कॅथलिक दैनिकात ते प्रथम वर्गणी विभागात कामाला लागले. संचालक फादर नॉर्बेर वालेझ यांनी त्यांच्यावर मुलांच्या साप्ताहिक पुरवणीची जबाबदारी टाकली. १० जानेवारी १९२९ च्या अंकात तरुण वार्ताहर टिनटिन व त्याचा कुत्रा सोव्हिएत रशियाकडे निघाले. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या गल्लीतल्या दोन वात्रट पोरांची ‘क्विक व फ्लूप्के’ ही मालिका सुरू झाली.

टिनटिनचा उगम कोठे, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. फ्रेंच चित्रकार बँझामँ राबिए यांच्या १८९८ च्या ‘तँतँ-ल्युतँ’ या पुस्तकात नावाचे व काहीसे केशरचनेचेही साम्य आढळते. मात्र ते पुस्तक आपल्याला फार उशिरा कळले, असे एर्झे यांचे म्हणणे होते. १९२८ मध्ये ४४ दिवसांत जगप्रदक्षिणा करणारा पंधरा वर्षांचा डॅनिश मुलगा पाले हुल्ड, तसेच मोटारसायकलवरून दूरदूर हिंडणारे फ्रेंच वार्ताहर रॉबेर सेक्से यांचीही नावे पुढे केली जातात. बेल्जियन फॅसिस्ट पुढारी लेओं दग्रेल यांनी तर टिनटिन म्हणजे आपणच, असा दावा केला. तो अभ्यासकांनी फारसा मानलेला नाही. दग्रेल यांनी मेक्सिकोहून धाडलेल्या वृत्तपत्रांतून अमेरिकन चित्रपट्ट्या एर्झे यांच्या पाहण्यात आल्या, एवढे मात्र खुद्द एर्झे यांनी मान्य केले होते. चेहरेपट्टी, उभे राहण्याची ढब आणि कपाळावरची बट यांसाठी त्यांनी आपला धाकटा भाऊ पॉल याच्याकडे बोट दाखवले आहे. बाहेरच्या मूळपुरुषांपेक्षा हा घरातला धागा अधिक पटण्याजोगा वाटतो. संवादफुग्यांबाबतही असाच मतभेद आहे. काही जण ते थेट अमेरिकेकडून आले असे मानतात. तथापि फ्रेंच चित्रकार आलँ सँतोगाँ यांची ‘झिग ए प्युस’ ही मालिका १९२५ पासून फुगे वापरत होती आणि सँतोगाँ यांचे ऋण एर्झे नेहमी मोकळेपणाने सांगत. त्यामुळे हा वारसा आधी पॅरिसचा व मग अमेरिकेचा मानणे सयुक्तिक ठरेल. राबिए यांच्याकडून त्यांनी नाव उचलले की नाही, यापेक्षा बंदिस्त बाह्यरेषा व सपाट रंग हे दोन्ही त्यांच्या चित्रांतून उचलले, ही गोष्ट चित्रकाराच्या दृष्टीने कितीतरी मोलाची आहे.

कार्यपद्धतीतील मोठे वळण १९३४ मध्ये आले. टिनटिन चीनला जाणार, हे जाहीर झाल्यावर एका धर्मगुरूंच्या मध्यस्थीने एर्झे यांची गाठ ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिकणाऱ्या चांग चुंगरेन यांच्याशी पडली. दोघांचे वय सारखेच. कुंचला कसा धरावा, झाड कसे पाहावे, दुकानावरच्या पाटीत नेमके काय लिहिलेले असते, हे चांग त्यांना रविवारी भेटून सांगत. ‘निळे कमळ’ या कथेतील भिंतींवरच्या चिनी घोषणा त्यामुळे खऱ्या आहेत, आणि १९३१ ची मांचुरियातील मुकदेन येथील रेल्वेस्फोटाची घटनाही तीत जपानी आक्रमणाचे निमित्त म्हणूनच येते. याआधीच्या ‘काँगो’ कथेत वसाहतवादी समजुती जशाच्या तशा उतरल्या होत्या; १९४६ च्या रंगीत आवृत्तीत काही भाग बदलला तरी आफ्रिकी माणसांचे हिणकस चित्रण पुसले गेले नाही. चांग यांच्या भेटीनंतर एर्झे प्रत्येक कथेसाठी छायाचित्रे, कात्रणे, नकाशे व यंत्रांच्या सूचिपत्रांचा संग्रह करू लागले.

दुसऱ्या महायुद्धात मे १९४० मध्ये त्यांचे दैनिक बंद पडले. ऑक्टोबरपासून ते जर्मनांच्या ताब्यातील ‘ल स्वार’ या वृत्तपत्रात काम करू लागले. कागदटंचाईमुळे पानभर कथा आटून रोजच्या एका पट्टीवर आली आणि दर चौथ्या-पाचव्या चौकटीला उत्कंठा ताणण्याची सवय त्यांच्या कथनाला लागली. या काळातील ‘गूढ तारा’ या कथेत ज्यूंविषयीचे विखारी व्यंग होते. दोन ज्यू व्यापाऱ्यांचे दृश्य पुस्तकातून वगळण्यात आले व खलनायक बँकरचे नावही पुढे बदलले. पण वृत्तपत्रात ते छापले गेले होते आणि कोणतेही कौतुक करताना ते विसरता येत नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स मुक्त झाल्यावर त्यांना अनेकदा अटक झाली व वृत्तपत्रांत काम करण्यास बंदी आली. प्रतिकार चळवळीतील रेमों लब्लाँ यांनी २६ सप्टेंबर १९४६ रोजी ‘टिनटिन’ साप्ताहिक काढले, तेव्हा एर्झे पुन्हा उभे राहिले.

कास्तेरमान या प्रकाशनसंस्थेने १९४२ मध्ये ६२ पृष्ठांच्या रंगीत पुस्तकांचा साचा ठरवला. जुन्या कृष्णधवल कथा त्या मापात बसवण्यासाठी पुन्हा काढाव्या लागल्या; या कामी १९४४ ते १९४७ बेल्जियन चित्रकथाकार एडगर जेकब्स यांचे साहाय्य झाले. एप्रिल १९५० मध्ये ‘स्टुडिओ एर्झे’ स्थापन झाला. बॉब दे मूर, झाक मार्तँ व रॉझे ललू हे त्यातील प्रमुख चित्रकार. रंगकामाची धुरा झोझेत बोझो यांच्याकडे.

पानाची घडण अशी होई : आधी वहीत कथासूत्र, मग लहान कागदावर चौकटींचे झटपट आराखडे. त्यानंतर मोठ्या कागदावर पेन्सिलीचे रेखाटन, आणि हाच खरा कस. एकाच हातावर, एकाच धावत्या पायावर एर्झे इतक्या वेळा रेघा ओढत, खोडत, पुन्हा गिरवत की कागद काळवंडून जाई, क्वचित फाटे. या गुंत्यातून हालचाल सर्वांत चांगली दाखवणारी एकच रेघ निवडून ती ट्रेसिंग कागदावर उतरवली जाई. पात्रे स्वतः एर्झे यांची. इमारती, वाहने, देखावे सहकाऱ्यांचे. शाई दिल्यावर पान छपाईच्या मापात लहान करून फिक्या निळ्या रेषांत छापून घेत आणि त्यावर रंग भरत. काळी रेषा पारदर्शक फिल्मवर वेगळी राही. त्यामुळे रंग रेषेवर चढत नसे. आडव्या-तिरक्या रेघांची छायांकने नाहीत, सावल्या जवळजवळ नाहीत, जवळची वस्तू व दूरचा डोंगर यांची रेषा सारख्याच जाडीची. जी रेषा वाचकाला सहज ओढल्यासारखी दिसते, ती शेकडो रेघा नाकारून उरलेली असते. या शैलीला ‘स्वच्छ रेषा’ हे नाव डच चित्रकार योस्त स्वार्टे यांनी १९७७ मध्ये रॉटरडॅमच्या प्रदर्शनानिमित्त दिले. ती केवळ रेखाटनाची नसून कथनाचीही शैली आहे, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

तपशिलाचा आग्रह उत्तरोत्तर वाढत गेला. चंद्रकथांसाठी (१९५३, १९५४) अग्निबाणाची आतून उघडणारी प्रतिकृती बनवून घेतली होती. ब्रिटनमध्ये घडणाऱ्या ‘काळे बेट’ या कथेच्या इंग्रजी प्रकाशकांनी १३१ चुकांची यादी पाठवली, तेव्हा बॉब दे मूर यांना ब्रिटनला धाडून सारी कथा नव्याने काढली गेली (१९६६).

‘टिनटिन तिबेटात’ (१९६०) ही त्यांची स्वतःची सर्वांत आवडती कथा. वैवाहिक ताण व सतत पडणारी पांढरीशुभ्र भयस्वप्ने यांतून जाताना त्यांनी ती काढली. स्वित्झर्लंडमधील मनोविश्लेषकाने काम थांबवण्याचा दिलेला सल्ला त्यांनी मानला नाही. खलनायक नसलेल्या या कथेत बर्फात हरवलेल्या चांगचा, म्हणजे चिनी मित्रावरून बेतलेल्या पात्राचा, शोध आहे. टिनटिन दिल्लीत उतरतो, कुतुबमिनार व लाल किल्ला पाहतो. साप्ताहिकातील अपघातग्रस्त विमान एअर इंडियाचे होते. कंपनीने हरकत घेतल्यावर पुस्तकात ‘सारी एअरवेज’ हे कल्पित नाव आले. भारतीय भाषांपैकी बंगालीत, ‘आनंदमेला’ मासिकातून, १९७० च्या दशकात या कथा रुजल्या. मराठी वाचकांची ओळख मुख्यतः इंग्रजी आवृत्त्यांतून झाली.

खऱ्या चांग यांची व त्यांची पुन्हा भेट १९८१ मध्ये, चार दशकांहून अधिक काळाने, ब्रसेल्सला झाली. आपल्यामागे टिनटिन कोणी पुढे चालवू नये, ही एर्झे यांची इच्छा पाळली गेली. ‘टिनटिन आणि आल्फ-आर्ट’ ही कथा अपुरी राहिली व १९८६ मध्ये कच्च्या रेखाटनांसह तशीच प्रसिद्ध झाली. तीत शाई नाही, रंग नाही. शेवटच्या पानावर टिनटिनला पिस्तुलाच्या धाकाने प्लास्टिकच्या रसात बुडवून शिल्प करण्यासाठी नेले जात आहे, आणि त्याच्या भोवतीच्या पेन्सिलरेघा अजून निवडायच्या राहिलेल्या आहेत.