‘मॅन’ म्हणजे कोण? रिचर्ड पँकहर्स्ट यांच्या लढ्याची पार्श्वभूमी

पँकहर्स्ट म्हटलं की ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेली आई एमेलिन आणि तिच्या मुली आठवतात. मुलींचे वडील रिचर्ड मँचेस्टरचे बॅरिस्टर होते, एवढंच कुठेतरी ओझरतं येतं. खरं तर स्त्रियांच्या मताच्या या भांडणाची कायदेशीर मांडणी त्यांच्या हातून झाली.

१८६७ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मताधिकार वाढवणारा कायदा आला. १८३२ च्या कायद्यात मतदार ‘मेल पर्सन’ होता, म्हणजे निःसंशय पुरुष. नव्या कायद्यात तिथे ‘मॅन’ आलं. इंग्रजीत हा शब्द माणूस आणि पुरुष, दोन्हींना चालतो. आपण ‘बाईमाणूस’, ‘गडीमाणूस’ सहज म्हणतो, म्हणून हा पेच आपल्याला चटकन जाणवत नाही. त्यातच १८५० चा एक नियम होता : उलट स्पष्ट म्हटलेलं नसेल तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. (आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही पुल्लिंगाचा असाच नियम आहे.)

या आधारावर मँचेस्टरच्या ५,३४६ महिलांनी मतदारयादीत नाव मागितलं. १८६८ मध्ये त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दोन वकिलांपैकी पँकहर्स्ट एक. प्रतिपक्षाकडेही मुद्दा होता : ‘मॅन’ऐवजी ‘पर्सन’ घाला, ही सूचना संसदेने आदल्याच वर्षी १९६ विरुद्ध ७३ मतांनी फेटाळली होती. शेवटी न्यायालयाने स्त्रिया मतदानाला कायद्यानेच अपात्र आहेत, असं ठरवलं. मला हा निकाल अन्यायाचाच वाटतो. कर वसूल करताना पुल्लिंगी शब्दात बाई बसत होती, मत देताना तेवढी बसेना.

मग १८७० मध्ये त्यांनी विधेयकच लिहिलं : मतदारांविषयीच्या कायद्यांत पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी. दुसऱ्या वाचनात ते १२४ विरुद्ध ९१ मतांनी पुढे गेलं, पण काही दिवसांतच बुडालं.

विवाहितेचा प्रश्न आणखी बिकट होता. मालमत्ता नवऱ्याची, मग मतासाठी लागणारी मालमत्तेची पात्रता तिच्याकडे येणार कुठून? विवाहितांच्या मालमत्तेच्या विधेयकाचा मसुदाही त्यांनी केला होता. पुरेसा कायदा व्हायला १८८२ उजाडलं. तरीही ‘आधी फक्त अविवाहित आणि विधवांना मत द्या’ म्हणणारे सुधारक होतेच. त्या तडजोडीला नकार देणारी संघटना १८८९ मध्ये पँकहर्स्ट यांच्याच लंडनच्या घरी निघाली.

१८९८ मध्ये ते गेले. पाच वर्षांनी त्यांच्या पत्नीने मँचेस्टरच्या घरात स्त्रियांच्या मतासाठी लढणारी नवी संघटना काढली; सुरुवातीला म्हटलेला तुरुंगवास याच लढ्यातला. १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही स्त्रियांना मत मिळालं, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने. आणि ‘पर्सन’ या शब्दात स्त्री येते, हे कॅनडाच्या एका खटल्यात लंडनच्या अपील न्यायपीठाने १९२९ मध्ये मान्य केलं.