अ‍ॅशव्हिल ते स्मोकी पर्वत: चार दिवसांच्या सहलीची माहिती

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-बाबांचं न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन बघून झालं की पुढे कुठे, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. आम्ही नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी सुचवतो. एक भव्य जुनं घर, डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता, राष्ट्रीय उद्यान आणि जमिनीखालचं तळं, एवढं सगळं चार दिवसांत होतं. त्या घराचं, म्हणजे बिल्टमोरचं, तिकीट आधी काढा. डोंगरातले दिवस हवामान बघून पुढेमागे करता येतील असे ठेवा, कारण धुक्यात वर काहीच दिसत नाही.

बिल्टमोर, अ‍ॅशव्हिल

जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्ट यांनी 1889 ते 1895 या काळात बांधून घेतलेल्या या घरात 250 खोल्या आहेत. तिकिटावर तारखेबरोबर घरात शिरायची वेळही असते आणि घोटाळा होतो तो इथेच. फोनवरचा नकाशा गेटपर्यंतचीच वेळ दाखवतो. गेटपासून घर तीन मैल आत आहे, त्यानंतर पार्किंग, मग बहुतेकदा शटल बस. म्हणून गेटवर तासभर आधी पोहोचा.

घर बघायला दोन तास ठेवा. दिवाणखाने आणि ग्रंथालय सगळेच बघतात, पण तळघरासाठी पाय शिल्लक ठेवा. तिथे 70,000 गॅलनचा पोहण्याचा हौद आणि बोलिंगची जागा आहे. एवढ्या घराचा रोजचा व्याप कसा चालत असेल, हे नोकरांच्या खोल्या आणि स्वयंपाकघरं पाहिल्यावरच कळतं. मुख्य जिन्याला 102 पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्टबद्दल दारातच विचारा. बागा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या दोघांपैकी ते एक. बागांना अर्धा दिवस द्या. घर बघून लगेच निघणाऱ्यांचं निम्मं तिकीट वाया जातं.

ब्लू रिज पार्कवे

हा रस्ता 469 मैलांचा, दर मैलाला क्रमांकाचा दगड, प्रवेश फुकट. अ‍ॅशव्हिलहून पार्कवेच्या दक्षिण टोकाच्या चेरोकी गावाला हायवेने साधारण एक तास लागतो, पार्कवेने तीन. वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी 45 मैल आहे आणि वळणं सतत. नकाशा तुम्हाला पुन्हा पुन्हा हायवेवर ढकलतो, म्हणून मुक्कामाचा पत्ता न टाकता मैलाच्या क्रमांकावर चाला. 431 व्या मैलाजवळ रिचलंड बाल्सम हा पार्कवेचा सर्वोच्च बिंदू लागतो, उंची 6,053 फूट. पार्कवेवर पेट्रोल पंप नाही. टाकी अ‍ॅशव्हिललाच भरा, नकाशाही आधीच डाउनलोड करा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी.

सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळात हा रस्ता जागोजागी खचला होता. कोणता भाग सुरू आहे, ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर निघायच्या दिवशी सकाळी बघा.

ग्रेट स्मोकी माउंटन्स

1 जानेवारी 2026 पासून यलोस्टोन, ग्रँड कॅनियन धरून 11 उद्यानांत भारतातून आलेल्या पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा पडतात. स्मोकी त्या यादीत नाही, इथे प्रवेशशुल्कच नाही. मात्र 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाला 5 डॉलर, आठवड्याला 15. दोन मुक्काम असतील तर आठवड्याचाच घ्या. टॅग एका गाडीपुरता असतो आणि तो काचेत दिसावा लागतो. फोनवरची पावती चालत नाही. मुलांकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असला तरी तो इथे टॅगच्या जागी चालत नाही.

उद्यानातल्या केड्स कोव्ह या खोऱ्याची फेरी 11 मैलांची आणि एकेरी आहे. रानटी टर्की किंवा अस्वल दिसलं की पुढची गाडी थांबते आणि मागे रांग लागते, त्यामुळे दोन ते चार तास धरा आणि उजाडताच आत शिरा. मे ते सप्टेंबर दर बुधवारी हा रस्ता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुला असतो. दरवर्षी कोणी ना कोणी नेमका बुधवारच निवडतो.

कुवोही हे 6,643 फुटांचं शिखर जुन्या नकाशांवर क्लिंगमन्स डोम म्हणून सापडेल. पार्किंगपासून माथ्यावरच्या निरीक्षण मनोऱ्यापर्यंतची वाट अर्ध्या मैलाची, डांबरी, पण चांगलीच चढी. ज्येष्ठांनी बाकांवर टेकत जावं किंवा पार्किंगमधूनच दृश्य बघावं, तेही सुंदर आहे. वर पायथ्यापेक्षा 6 ते 11 अंश सेल्सियस थंड असतं. उन्हाळ्यातही स्वेटर हवा. कुवोहीला जाणारा गाडीरस्ता डिसेंबर ते मार्च बंद असतो. पानांचे रंग आधी माथ्यावर उतरतात आणि ऑक्टोबरअखेर खाली पोहोचतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर शनिवार-रविवार टाळून या.

अस्वलापासून किमान 50 यार्ड लांब राहा. ठेपले, चिवडा उघड्यावर ठेवू नका. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल शेवटी जिवाला मुकतं. शाकाहारींनी गावातल्या हॉटेलात बीन्स किंवा पालेभाजी मागवताना विचारून घ्यावं, इकडे त्यात बेकन किंवा हॅम घालायची पद्धत आहे.

लॉस्ट सी, स्वीटवॉटर

गुहेत चालत उतरून काचेच्या तळाच्या होडीतून भूगर्भातल्या तळ्यावर फेरी मारायची. चालणं सुमारे पाऊण मैल, वाट ओली आणि उताराची, तपमान बारा महिने 14 अंश. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. इथून नॉक्सव्हिल विमानतळ जवळ आहे, पण गाडी अ‍ॅशव्हिलला घेऊन नॉक्सव्हिलला सोडायची असेल तर भाड्यावर बहुधा वेगळा आकार लागतो. तो बुकिंग करतानाच विचारून घ्या.